भुजचं स्मृतिवन: हलणाऱ्या खोलीसाठी नको, डोंगरासाठी जा

सरळ सांगतो. गुजरातच्या कच्छमध्ये भुजला २००१ च्या भूकंपाचं जे स्मृतिवन संग्रहालय आहे ते बघायला नागपूरहून एवढा लांबचा प्रवास करणं वसूल आहे, एकदम वसूल, पण लोकं ज्यासाठी जातात त्या भूकंपासारख्या हलणाऱ्या खोलीसाठी नाही. ती खोली पण भारी आहे, तिच्यावर येतोच पुढे. पण आपल्याकडे जो कोणी जाऊन आला त्याला विचारा, "अबे ते भूकंपवालं ना, काय हलवतात बे, जाच तू" एवढंच सांगतो, जसा काही मीना बाजारातला आकाशपाळणाच आहे, आणि मग सगळे रणोत्सवाला जाता जाता तासाभरात उरकतात, गेटवर सेल्फी काढतात आणि धोर्डोच्या गाडीत बसून पांढरं रण बघायला पळतात. रण कुठे पळून नाही चाललं ना भाऊ. स्मृतिवनला अर्धा दिवस द्या, जमलं तर पूर्ण दिवस.

मी कोण, तर बांधकामाच्या साईटवर आयुष्य गेलेला माणूस. बेसा, मनीषनगर, तिकडे हुडकेश्वर साईडला ज्या फ्लॅट स्कीमा उभ्या होऊन राहिल्या त्यातल्या काहींवर सुपरव्हिजन केलं आहे, त्यामुळे कुठेही गेलो की नजर आधी कॉलमकडे जाते. बायको म्हणते हा माणूस देवळात पण कळस सोडून बीम बघतो. तर हा रिव्ह्यू तसाच आहे, ज्यांना फक्त इन्स्टाचे फोटो पाहिजे त्यांना नेटवर ढिगाने सापडतील.

जाण्याचं थोडक्यात सांगून टाकतो. नागपूरहून अहमदाबादला गाड्या आहेत, भुसावळ-सुरतवरून, रात्रीची झोप काढायची. पुढे अहमदाबाद ते भुज नमो भारत रॅपिड रेल आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली, पूर्ण एसी, साडेतीनशेच्या वर किलोमीटर अंतर पावणेसहा तासांच्या आसपास कापते. आम्ही आधी एका पॅकेजवाल्याकडून सगळं बुक केलं होतं, नाव घेत नाही, त्याने आमच्या कागदावर स्मृतिवनसमोर "एक तास, फोटो स्टॉप" असं लिहून ठेवलं होतं. सोबत सासूबाई, वय झालेलं, गुडघे दुखतात, एका तासात त्या डोंगरावर काय धावत जातील का? त्याला म्हटलं दादा, तू दुसऱ्या पार्टीला घेऊन जा, आम्ही रिक्षाने येतो. तो काहीतरी पुटपुटला, पैसे काही परत दिले नाही. जाऊ द्या.

तर जागा. भुज शहराला लागूनच भुजियो डुंगर म्हणून टेकडी आहे, वर तीनशे वर्षं जुना किल्ला, किल्ल्यात भुजंग नागाचं देऊळ, नागपंचमीला तिथे जत्रा भरते. आपण नाग नदीच्या काठची लोकं, सासूबाईंनी खालूनच हात जोडले. या टेकडीवर ४७० एकरांत स्मृतिवन पसरलं आहे आणि त्यात साडेअकरा हजार चौरस मीटरचं संग्रहालय. २८ ऑगस्ट २०२२ ला उद्घाटन झालं, पंतप्रधान आले होते. डिझाईन राजीव कठपालियांचं, वास्तुशिल्प कन्सल्टंट्सचं, म्हणजे नामवंत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी सुरू केलेली फर्म, आणि ते कळते बघितल्यावर. एकच मोठी भपकेबाज बिल्डिंग ठोकून दिली असं नाही केलं, डोंगराच्या चढावर दगडी भिंतींचे वेगवेगळे ब्लॉक बसवले आहेत, लांबून बघितलं तर डोंगराच्याच रंगात मिसळून जातात. २०२४ मध्ये प्री व्हर्साय म्हणून युनेस्कोशी जोडलेला जो पुरस्कार असतो त्यांच्या जगातल्या सात सुंदर संग्रहालयांच्या यादीत हे नाव होतं. मला पुरस्काराचं फार कौतुक नसते, पण त्या दगडी भिंतींचं काम मी हात लावून लावून बघितलं, मिस्त्री कोणी का असेना, हात साफ आहे त्याचा.

आत सात ब्लॉक आहेत, सात विषय. पहिला पृथ्वीचा, ती कशी घडली, कशी मोडली आणि परत कशी उभी राहिली. दुसऱ्यात गुजरातचा भूगोल, तिथे कोणकोणती संकटं येऊ शकतात ते. तिसरा २००१ च्या भूकंपानंतरचे लगेचचे दिवस, मदत कशी आली, कोणी कोणी केली. चौथा पुनर्बांधणी, पाचवा पुढच्यासाठी तयारी, सहावा तो हलणारा आणि सातवा श्रद्धांजलीचा. पहिले दोन आम्ही भराभर केले, पोरगा नववीत आहे, त्याचं भूगोलाच्या पुस्तकातलंच सगळं मोठ्या स्क्रीनवर आहे, त्याला मजा आली, मला एसी आवडला. पण एक गोष्ट दुसऱ्या ब्लॉकच्या आसपास डोक्यात घेऊनच पुढे जा, नाहीतर बाकीचं समजत नाही. कच्छ हा काही हिमालयासारखा दोन प्लेटांच्या शिवेवर नाही बसलेला, शीव तिथून काही शे किलोमीटर लांब आहे. पण भारताची प्लेट उत्तरेकडे ढकलून राहिली आहे वर्षाला पाचेक सेंटीमीटर, आणि कच्छच्या खाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जुन्या भेगा आहेत, त्या दाब सहन करत राहतात आणि मग एखाद्या दिवशी सुटतात. १८१९ मध्ये सुटल्या तेव्हा रणात ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा मातीचा बांधच जमिनीतून वर आला, लोकांनी त्याला अल्लाह बंद नाव दिलं, आणि त्याच्या दक्षिणेकडचा सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. १९५६ मध्ये अंजारला झाला. आणि मग २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं, ७.७ तीव्रता, केंद्र भचाऊजवळ. गंमत म्हणजे, गंमत कसली, विचित्र गोष्ट म्हणजे एवढा मोठा भूकंप होऊन ती मूळ भेग जमिनीवर उघडी दिसलीच नाही, खालच्या खालीच सरकली. वर काय दिसलं तर रणात जागोजागी जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून आली, कोरडं रण ओलं झालं. वाळूत पाणी भरलेलं असलं आणि जोरात हलवलं की ती वाळू दगडासारखी राहत नाही, पातळ होते, पाया धरत नाही. आमच्या धंद्यात सॉईल टेस्टिंगचा रिपोर्ट मागितला की बिल्डर लोकं काहून तोंड वाकडं करतात ते सर्वांना माहीत आहे, त्यांना या ब्लॉकमध्ये एक दिवस उभं केलं पाहिजे.

तिसरा ब्लॉक जड आहे. मी तिथे पटपट नाही जाऊ शकलो. अंधारलेल्या जागेत एकामागे एक फोटो, आवाज, ढिगारे. २० हजारांच्या आसपास लोकं गेली असं सांगतात, दीड लाखाच्या वर जखमी. रिक्षावाले भाई जे आम्हाला घेऊन आले ते चाळिशीतले असतील, मी सहज विचारलं तुम्ही कुठे होते तेव्हा, तर म्हणाले शाळेच्या मैदानात, झेंडावंदन सुरू होतं, मैदान होतं म्हणून आम्ही पोरं वाचलो, घराचं विचारू नका. मी पुढे नाही विचारलं. अंजारला उलटं झालं. तिथे प्रजासत्ताक दिनाची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती, दोन्ही बाजूंची घरं पोरांवर आली, १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक गेले. तिथे वीर बालक स्मारक आहे, स्मृतिवनच्याच दिवशी त्याचंही उद्घाटन झालं, भुजपासून चाळीसेक किलोमीटर, गाडी असेल तर नक्की जा. मैदान आणि गल्ली, फरक फक्त एवढाच. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला बाबा, आपल्या शाळेत असेंब्ली पोर्चखाली असते.

चौथ्या ब्लॉकबद्दल माझं मत दोन्ही बाजूंनी आहे. थोडा सरकारी जाहिरातीचा वास येतो, यशोगाथा यशोगाथा चालू असते, वाचता वाचता कंटाळा येतो खरं सांगतो. पण त्या मागचं काम खोटं नाही हे बांधकामवाला म्हणून सांगू शकतो. कच्छमध्ये बरीचशी घरं सरकारने ठेकेदाराला देऊन नाही बांधली, लोकांनी आपली आपण बांधली, सरकारने पैसे हप्त्याहप्त्याने दिले आणि पुढचा हप्ता तेव्हाच जेव्हा इंजिनिअर येऊन बघणार की प्लिंथ म्हणजे जोतं बरोबर आहे, लिंटलला, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, काँक्रीटचा बँड टाकला आहे. गावोगावचे मिस्त्री ट्रेन केले. आता आपल्या किल्लारीचं आठवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र, लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, दहा हजारांच्या घरात माणसं गेली. तिथे जी ५२ गावं दुसरीकडे हलवली ती बहुतेक ठेकेदारांनी, संस्थांनी बांधून दिली, सरळ रेषेतल्या कॉलन्या, आपल्या लोकांच्या वाड्याच्या, गल्लीच्या सवयीशी त्यांचा काही संबंध नाही. मी त्या बाजूला कामानिमित्त गेलो आहे, लोकांनी त्या घरांच्या मागे-पुढे स्वतःचं काय काय जोडून घेतलं ते बघण्यासारखं आहे. म्हणजे किल्लारीला काही झालं नाही असं नाही, उलट तिथली चुकलेली-जमलेली दोन्ही कामं बघूनच पुढे देश शिकला. पण आपण महाराष्ट्रवाल्यांनी ते सांगण्यासाठी अशी जागा काहून नाही उभी केली, हा प्रश्न त्या ब्लॉकमध्ये उभं राहून डोक्यात येतोच. किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे, दरवर्षी ३० सप्टेंबरला मानवंदना होते, ठीक आहे, पण पोरगा तिथे जाऊन शिकणार काय?

आणि किल्लारी लांबची वाटत असेल तर आपलं मोवाड घ्या ना. नरखेड तालुका, आपलाच जिल्हा. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचा पूर शिरला आणि २०४ लोकं गेली. माझ्या पोराला मोवाड नाव माहीत नव्हतं, त्याच्या वर्गात विचारून बघा कोणालाच नसेल. आणि ज्यांनी २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपुरात अंबाझरी लेआऊट नाहीतर कॉर्पोरेशन कॉलनीत काढली त्यांना तरी नवीन सांगायला नको, चार तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी घरात. दोन वर्षांनी त्याच भिंतींना नवीन पेंट आणि विषय खतम.

पाचव्या ब्लॉकमध्ये तयारीचं सगळं आहे, भूकंपात काय करायचं, पूर आला तर काय, वादळ आलं तर काय. पोरांसाठी मस्त. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे गुजरातचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण भूकंपानंतर दोन आठवड्यांच्या आतच, फेब्रुवारी २००१ मध्ये उभं झालं, २००३ मध्ये राज्याचा कायदा आला आणि देशाचा कायदा त्याच्या मागून २००५ मध्ये. हे संग्रहालय पण तेच प्राधिकरण चालवते.

इथे माझं एक रडगाणं ऐकून घ्या, ते संग्रहालयावर नाही, ते माझ्या डोक्यात जे चालू झालं त्याच्यावर आहे. मला बिल्डिंगी का पडल्या यावर अजून दोन-चार खोल्या चालल्या असत्या. कारण भूकंप माणसाला मारत नाही हो, स्लॅब मारतो. अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून अडीचशे किलोमीटर लांब, तिथे साडेसातशेच्या आसपास लोकं गेली, बहुमजली बिल्डिंगी बसल्या म्हणून. त्यातल्या कित्येकांत खाली मोकळं पार्किंग, भिंत नाही काही नाही, नुसते कॉलम, आणि वर चार-पाच माळे विटांच्या भिंतींनी कडक झालेले. हादरा बसला की वरचा डबा एकसाथ हलतो आणि सगळा जोर त्या खालच्या पायांवर येतो, ते मोडले की खेळ खल्लास. आता तुम्ही तुमच्या घराच्या खाली जाऊन बघा. आपल्या नागपुरातली दहापैकी किती स्कीम अशी नाही? त्यात कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळ्यांना आडव्या बांधून धरणाऱ्या. रिंगेचं टोक आत १३५ अंशात वळलं पाहिजे, काँक्रीटच्या पोटात घुसलं पाहिजे, आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला रिंगा जवळ जवळ पाहिजे. साईटवर काय होते, बारबेंडर ९० अंशात वाकवून मोकळा होतो कारण ते पटकन होते, आणि कोणी बोललं की म्हणतो साहेब, आपलं नागपूर भूकंपाच्या नकाशात कमी धोक्याच्या झोन २ मध्ये आहे, इथे कुठे भूकंप. आयएस १३९२० म्हणून भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचा जो कोड आहे तो झोन ३ पासून सक्तीचा, म्हणून कागदावर तो बरोबर पण आहे. पण किल्लारी १९९३ पर्यंत झोन १ मध्ये होती. एक! सर्वात सुरक्षित रकाना. भूकंप झाला मग नकाशा बदलला.

आणि नागपूरला अजिबात काही होत नाही असंही नाही. सासूबाईंना १९९७ चा जबलपूरचा आठवते, २२ मे, रात्री एक-सव्वा वाजता, मांडणीवरची भांडी वाजली आणि अख्खा मोहल्ला अंगणात येऊन बसला. त्यांनी ही गोष्ट सहाव्या ब्लॉकच्या बाहेर सांगितली, कारण त्यांनी आत जायला साफ नकार दिला. म्हणाल्या, "एकदा झालं ते झालं, पैसे देऊन कायले हलायचं?"

तर तो सहावा ब्लॉक. चारही बाजूंनी, गोल, स्क्रीन आणि खाली हलणारी जमीन. आपण उभे असतो, आधी सगळं नॉर्मल चालू आणि मग सुरू होते. मी सांगतो, आत गेले तेव्हा मागचे पोट्टे खिदळून राहिले होते, मोबाईल वर करून उभे, आणि हादरे सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदात त्यांचे मोबाईल खाली आले कारण कठडा धरायला हात लागले. आवाज जास्त घाबरवतो, हलण्यापेक्षा. खालून येतो तो, छातीत. माझ्या मते टेक्निकली एकदम अव्वल काम आहे. पण काय आहे, आपल्याला माहीत असते की हे बंद होणार, आणि वर छप्पर पक्कं आहे. खरा भूकंप दीड-दोन मिनिटं चालला होता. तुम्ही घड्याळ लावून दीड मिनिट नुसतं गप्प बसून बघा, किती लांब असते ते. म्हणून म्हणतो, त्या खोलीतून बाहेर आलं की "झालं, बघितलं" करून खाली उतरू नका, त्या खोलीने फक्त अंग हलते. बीपी, पाठीचा त्रास, चक्कर, असं काही असेल तर सासूबाईंसारखं बाहेर बसा, काही बिघडत नाही.

बघायचं ते बाहेर आहे. डोंगराच्या उतारावर पाणी अडवायला छोटे छोटे बंधारे बांधले आहेत, पन्नास, प्रत्येकाचा एक तलावासारखा कुंड, दगडी काठ, आणि त्या काठांच्या भिंतींवर गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या. एकूण १२,९३२. आकडा वाचून काही होत नाही, मला पण नाही झालं. पण चालत चालत एका कुंडापाशी बसलो आणि एक ओळ नीट वाचली, नाव, नाव, नाव, मग एकच आडनाव ओळीने आलं, परत आलं, परत आलं, आणि आपण नकळत मोजायला लागतो की हा बाप असेल, ही आई, ही पोरं असतील का, की भाऊ-भाऊ. कोणी सांगत नाही, विचारायला कोणी नाही. एका पाटीसमोर एक म्हातारे गृहस्थ रुमालाने धूळ पुसून राहिले होते, अगदी सावकाश, कोपऱ्यापासून, आणि पुसून झाल्यावर त्यांनी बाजूची पाटी पण पुसली, ती त्यांच्या माणसाची नसावी. बायकोने पोराला हळूच बाजूला ओढलं, तो मध्ये उभा होता.

पाण्याचं डोकं भारी लावलं आहे पण. कच्छमध्ये पाऊस किती पडतो, साडेतीनशे-चारशे मिमी वर्षाला, आपल्याकडे हजाराच्या वर पडूनही उन्हाळ्यात टँकर लागतात. डोंगरावरून वाहून जाणारं पाणी या बंधाऱ्यांत थांबते, मुरते, आणि त्याच्यावर जंगल उभं केलं आहे, तीन लाखांच्या वर झाडं, मियावाकी पद्धतीने, म्हणजे स्थानिक झाडं एकदम दाट दाट लावायची की ती उजेडासाठी एकमेकांशी भांडत भराभर वर जातात. अकिरा मियावाकी म्हणून जपानी वनस्पतीतज्ज्ञ होते, त्यांची ही पद्धत. उघडा बोडका डोंगर होता तो, आता काही ठिकाणी आत बघितलं तर पलीकडचं दिसत नाही. एक मेगावॅटचा सोलर प्लांट पण आहे आवारात. पायवाटा आठ किलोमीटरच्या आहेत एकूण, सगळ्या चालायच्या नाही, पण सन पॉईंटपर्यंत तरी जा, संध्याकाळी अख्खं भुज खाली दिसते, हमीरसर तलाव, प्राग महालाचा टॉवर, आणि नवीन वस्त्यांचे रुंद रस्ते. ते रस्ते मुद्दाम बघा. जुन्या कोटातल्या गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की लोकं घरातून बाहेर येऊनही वाचली नाही आणि मदतीची गाडी आत शिरली नाही. नंतर नवीन प्लॅनमध्ये प्रत्येकाच्या प्लॉटमधून थोडी थोडी जागा कापून रस्ते रुंद केले. नागपूरच्या इतवारी-महालमध्ये कोणी असं करायला गेलं तर काय होईल त्याची कल्पना करा, मोर्चाच निघेल, आणि मी पण कदाचित त्यात असेल कारण आमचं वडिलोपार्जित घर तिकडेच आहे.

सातवा ब्लॉक श्रद्धांजलीचा, दिवा लावल्यासारखं करायचं असते डिजिटल. ठीक. माझी श्रद्धांजली कुंडापाशी होऊन गेली होती.

संग्रहालयाच्या पलीकडे दोन गोष्टी जोडा. एक, आयना महाल आणि प्राग महाल, दोन्ही एकाच आवारात, भूकंपात दोघांचंही बरंच नुकसान झालं, प्राग महाल १८६५ ते १८७९ मध्ये बांधलेला, इटालियन-गॉथिक स्टाईलचा. तिथे फिरताना भिंतींमधल्या दुरुस्त्या शोधत फिरलो, ज्याला बघता येते त्याला जुनं-नवं कळते. दुसरी, अजरखपूर. भुजहून पंधरा-वीस मिनिटं. हे गाव भूकंपाने जन्माला घातलं. अजरख, म्हणजे ठप्प्यांनी कापडावर नक्षी, छापणारे खत्री लोक आधी धमडक्याला राहायचे, भूकंपानंतर तिथलं पाणी बदललं, लोह वाढलं, आणि अजरखचा सगळा जीव पाण्यात, रंगच बिघडायला लागले. मग त्यातल्या बऱ्याच कारागिरांनी नवीन जागा बघून नवीन गाव बसवलं. हे मला एका कारागिराने ठप्पा मारता मारता सांगितलं, डोळे कापडावरच, ठप्पा ठेवायचा, मुठीने एक ठोका, उचलायचा, शेजारी अचूक जोडून परत. बायकोने दोन दुपट्टे घेतले, मी पाण्याचा टीडीएस विचारला, ती म्हणे चला आता.

आणि हो, भुंगा. भुजच्या उत्तरेला बन्नी भागात गोल मातीची घरं असतात, वर गवताचं हलकं टोपीसारखं छप्पर, त्यांना भुंगा म्हणतात. ती बऱ्याच ठिकाणी टिकली जिथे चौकोनी दगडाची घरं बसली. गोल भिंतीला कोपराच नाही तर फुटणार कुठून, आणि डोक्यावर वजन नाही. किल्लारीला नेमकं उलटं होतं, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर फूट-दोन फूट मातीचं धाबं. धोर्डोला राहायला गेले की तिथल्या टूरिस्ट भुंग्यांचे फोटो सगळेच काढतात, आत जाऊन छप्पर कशावर टेकलं आहे ते पण एकदा बघा.

कामाच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, आपल्याला नागपूरच्या ४५ ची सवय असली तरी तिथे दगडी डोंगर आहे, चढ आहे, सावली अजून सगळीकडे नाही. तिकीट ऑनलाईन काढता येते, निघायच्या आधी त्या आठवड्यातला सुट्टीचा वार बघून घ्या. चांगले बूट घाला, चपलीवर नाही जमत. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाता येते, पण त्यांच्या वेगाने, मध्ये मध्ये बसत. आत ब्लॉक बघायला दोन-अडीच तास पकडा, बाहेरच्या कुंडांसाठी वेगळा वेळ, आणि क्रम असा ठेवा की दुपारी आत, ऊन उतरलं की बाहेर, सूर्यास्ताला वर. दाबेली खाली उतरल्यावर खा, वर जायच्या आधी नको. दाबेली मस्त असते तिकडची, पण आमच्या पोराचं मत विचाराल तर तर्री पोह्याची सर नाही, आणि त्यावर रिक्षावाल्या भाईंसोबत त्याचा जो वाद झाला तो स्टेशनपर्यंत चालला. मांडवीचा बीच त्याच दिवशी घुसवू नका, साठेक किलोमीटर आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत जा.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार. अर्धा त्या रिंगांच्या खोलीसाठी राखून ठेवला आहे, ती बांधली की देतो.